हजेरीपटावरचा संतोष

परतीचा पाऊस थांबला की चाकणच्या रस्त्यांवरचा चिखल दोन दिवसांत वाळतो आणि तिसऱ्या दिवशी त्याची धूळ होते. ट्रकांच्या चाकांमागून उठलेली ही धूळ कंपन्यांच्या कुंपणांवरच्या बोगनवेलीवर बसते, बसच्या खिडकीतून आत येते, दातांखाली कचकचते. सकाळी रावेतला बसची वाट बघताना अंगावर ओढणी घट्ट घ्यावीशी वाटते, इतका गारवा असतो. तळवडे ओलांडेपर्यंत मानेवरून घाम निथळत असतो. लोक याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि आठ-पंधरा दिवस कुरकुर करून विसरून जातात. मला मात्र या उन्हात दरवर्षी एक माणूस आठवतो, आणि त्याची दोन नावं.

काल संध्याकाळी आमच्या कंपनीच्या गेटवर टेम्पोतून झेंडूच्या पाट्या उतरत होत्या. खंडेनवमी आली. सिक्युरिटीवाल्यानं नोंद करायला माझ्यासमोर रजिस्टर धरलं. मी सही केली, आणि झेंडूचा तो उग्र, किंचित कडवट वास नाकात शिरला तसा हात तिथेच थांबला. "मॅडम, तारीख राहिली," तो म्हणाला.

ही कंपनी दुसरी. ज्या कंपनीत मी सुरुवात केली ती इथून दोन वळणं अलीकडे आहे. रोज बस तिच्यावरून जाते. मी रोज त्या बाजूला न बसण्याची काळजी घेते.

एमबीए झाल्यावर एचआरमध्ये का जायचं, असं मुलाखतीत विचारत. आम्ही सगळी मुलं एकच उत्तर देत होतो: मला माणसांमध्ये काम करायला आवडतं. माझ्या बाबतीत ते खोटं नव्हतं. दापोडीत रेल्वे फाटकाजवळच्या आमच्या गल्लीत दार लावून बसणं कुणाला माहीतच नव्हतं. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. त्यांचे मित्र ओट्यावर बसून कंपनीचं बोलत, कोणाला चार्जशीट मिळाली, कोणाची बदली झाली, आणि त्या सगळ्या गोष्टींत एक 'पर्सनलवाला', म्हणजे तेव्हाचा एचआर, असायचा. तो कधी चांगला नसायचा. मी ठरवलं होतं, आपण चांगला पर्सनलवाला व्हायचं.

कॉलेजात आमच्या एका सरांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही. सर ते प्रत्येक तासाला म्हणायचे. परीक्षेत त्यावर मार्क मिळायचे.

ऑगस्टात मी रुजू झाले. सहा महिने ट्रेनी, काम बघून आधीही कायम करू, असं सांगितलं होतं. गाड्यांच्या गिअरसाठी शाफ्ट बनवणारी कंपनी, तीन शिफ्ट, चारशेच्या आसपास माणसं. माणसांमध्ये काम म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यात कळलं. सेफ्टी शूजची मापं घ्यायची. लॉकरच्या चाव्या हरवल्या की दंडाची पावती फाडायची. कँटीनच्या भाजीत मीठ जास्त झालं की तक्रार लिहून घ्यायची. वाढदिवसांची यादी करून नोटीस बोर्डावर लावायची, त्यात कुणाचं नाव चुकलं तर तो माणूस दिवसभर तोंड पाडून हिंडायचा. पण शॉप फ्लोअरवर पाऊल टाकलं की मशीनं गार ठेवणाऱ्या कूलंटचा तो गोडसर, दुधाळ वास यायचा. बाबांच्या कपड्यांना लहानपणी हाच वास असायचा. मला तिथे परकं वाटलं नाही, आणि तेच पुढे अवघड झालं.

आमचे मॅनेजर होते मुऱ्हे साहेब. इथल्याच गावचे. त्यांच्या घरच्या शेतात आज एक गोदाम उभं होतं, त्याच्या भाड्यावर त्यांना आरामात बसता आलं असतं, पण ते रोज आठला हजर असत. इंग्रजी मेल ते दोन बोटांनी टाइप करत आणि शेवटी मला वाचायला लावत. "बघ गं, कुठं कुनाला शिवी तर गेली न्हाई ना?" माणसांशी मात्र ते कधी मेलवर बोलत नसत. मशीनपाशी जात, माणसाच्या खांद्यावर हात ठेवत, आणि इतक्या हळू बोलत की शेजारच्याला ऐकू येत नसे. मला ते तेव्हा जुनाट वाटायचे. माझ्या मनात ते म्हणजे कागद न ठेवणारा माणूस.

ग्राइंडिंग सेक्शनला संतोष जाधव होता. नऊ वर्षं झालेली, परभणीकडचा. तिशीतला असेल, पण दिसायला मोठा. अंगानं बारीक, बोलायला कमी. हातमोजा काढून, शाफ्टवर बोट फिरवून तो सांगायचा की माप किती पुढे गेलंय, आणि क्वालिटीवाला पोरगा मापून बघायचा तर तेच असायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला सुपरवायझर म्हणायचे, जा, आठ दिवस संतोषच्या हाताखाली उभा राहा. आमच्या फायलीत त्याच्या नावापुढे होतं: आयटीआय फिटर, अविवाहित, वारस आई.

त्या वर्षी खंडेनवमीला घरच्यांना कंपनीत बोलावलं होतं. सगळी मशीनं धुऊन पुसून लखलखत होती, प्रत्येकावर झेंडूचा हार, पॅनेलवर कुंकवाचं स्वस्तिक. नवरे बायकांना आपलं मशीन दाखवत होते, जसं एखादा आपलं शेत दाखवतो. पोरं हार ओढत होती. मी कँटीनच्या दारात पुरी-भाजी आणि शिऱ्याच्या टेबलापाशी उभी होते, कुपनं घेत. संतोष आईला घेऊन आला होता. ठेंगणी, काळीसावळी, नऊवारी नेसलेली बाई. त्यानं तिला बाकावर बसवलं आणि तो पाणी आणायला गेला. गर्दीत तिला तो दिसेना, तेव्हा ती उठली आणि मोठ्यानं हाक मारली, "गोविंदा! आरं गोविंदा!"

आणि लांब, पाण्याच्या टाकीपाशी, संतोष झटकन वळला.

मी हसून म्हटलं, "मावशी, गोविंद म्हणता होय घरात?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. तेवढ्या क्षणात तिचा चेहरा इतका बदलला की मला वाटलं, आपलं काही चुकलं. "घरातलं नाव हाय, माय," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेऊन खाली बसली. शिरा तिनं खाल्लाच नाही. द्रोण तसाच झाकून सोबत नेला.

घरात वेगळं नाव तर कितीकांना असतं. मला माझी आत्या अजून बेबी म्हणते. मी ते विसरूनही गेले असते.

दसऱ्यानंतर आठवडाभरात हेड ऑफिसचं पत्र आलं. पीएफसाठी प्रत्येक कामगाराची आधारशी जुळणी करायची, आणि ती कागदावर नाही तर बोट ठेवून. एक छोटं काळं यंत्र आलं, वर लाल काच. काम माझ्याकडे. ट्रेनिंग रूममध्ये मी टेबल मांडलं, पंखा फुल केला, आणि शिफ्टप्रमाणे माणसं बोलवायला लागले. बाहेर ऊन रणरणत होतं, पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजायचं. माणसं हात पुसत यायची, बोट ठेवायची. हिरवा दिवा लागला की झालं.

काहींचा लागत नसे. ग्राइंडिंगच्या माणसांची बोटं वर्षानुवर्षं कूलंटमध्ये आणि धातूच्या भुकटीत राहून गुळगुळीत झालेली असतात. एकानं माझ्यासमोर तळवा धरला, "बघा मॅडम, देवानं लिहिलेलं पण कंपनीनं पुसलं." सगळे हसले. अशी अकरा माणसं निघाली. त्यांच्यासाठी तक्त्यात एक रकाना होता, 'जुळणी न होण्याचे कारण'. त्यात मी लिहायचे: ठसे झिजलेले. त्यांची नावं वेगळ्या यादीत जायची आणि त्यांचं पुढे कधीतरी दुसऱ्या पद्धतीनं करू, असं हेड ऑफिस म्हणत होतं. 'पुढे कधीतरी' म्हणजे काय ते कंपनीत काम केलेल्या कुणालाही कळतं.

संतोषची पाळी आली त्या दिवशी त्याची रजा होती. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा पोट बिघडलं होतं. तिसऱ्यांदा मी स्वतः शॉप फ्लोअरवर गेले आणि त्याला सोबत घेऊन आले. एखादं काम वेळेत उरकण्याचा जो नवा नवा उत्साह असतो, तो होता माझ्यात. त्यानं बोट ठेवलं. लाल. दुसरं ठेवलं. लाल. दहाही बोटं झाली.

"होतं असं," मी म्हटलं आणि पेन उचललं. 'ठसे' एवढा शब्द लिहिलाही. मग सहज, खरंच सहज, त्याच्या बोटांकडे लक्ष गेलं. ती पाच-सहा इंचांवर माझ्यासमोर टेबलावर होती. इतर अकरांसारखी गुळगुळीत नव्हती. रेषा उठून दिसत होत्या. तो कामाला हातमोजे घालायचा, सेक्शनमध्ये एकटाच, आणि पोरं त्यावरून त्याला चिडवायची.

आणि मला ती हाक ऐकू आली. टाकीपाशी झटकन वळलेला तो दिसला.

"गोविंद कोण आहे?" मी विचारलं.

त्यानं हात टेबलाखाली घेतले. "मीच हाव, मॅडम," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. फार वेळ लागला नाही, पाच मिनिटांत नऊ वर्षं सांगून झाली. संतोष त्याचा धाकटा भाऊ. घरात शिकलेला तोच. आयटीआय झाला, या कंपनीचं पत्र आलं, गावात पेढे वाटले, आणि रुजू व्हायला आठ दिवस असताना मोटरसायकलवरून येताना ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला धडकला. तेरावं झालं तेव्हा ते पत्र तसंच देव्हाऱ्यात होतं. गोविंद सातवीत शाळा सोडलेला. दोघांचे नाक-डोळे एकसारखे. कुणीतरी म्हणालं, जाऊन तर बघ. तो सगळे कागद घेऊन आला, गेटवर नाव विचारलं, त्यानं भावाचं सांगितलं.

"पहिल्या दिवशी मशीन कुठून चालू होतं ते बी कळंना," तो म्हणाला. "म्हनलं, संतोषला हे येत असनार. त्याला येत होतं म्हंजे मला आलं पायजे. शिकलो मग."

त्याला बायको होती, दोन मुली होत्या. मुलींच्या दाखल्यावर बापाचं नाव गोविंद, म्हणून कंपनीच्या विम्याचं कार्ड त्यानं कधी वापरलंच नाही. मुलगी तापानं फणफणली तरी खासगी दवाखान्यात. कँटीनमध्ये, बसमध्ये, कुठेही कुणी त्याच्या घरच्यांबद्दल विचारलं की तो उठून जायचा. लोकांना वाटायचं, अबोल आहे.

"मॅडम, तुमी लिवा ना. ठसे झिजले म्हनून. अकरा जनांचं लिवलंय तसंच." त्यानं हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. शाफ्टचं माप सांगावं तसं सांगितलं. "कुनाचं काई जात नाई."

मी म्हटलं, "बघते."

पुढच्या दोन तासांचा मी चार वर्षं विचार करते आहे. मी दुष्ट नव्हते. घाबरले होते, असंही पूर्ण खरं नाही. मी त्या टेबलापाशी बसून स्वतःला प्रश्न विचारले, आणि प्रत्येकाचं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर होतं. मी खोटं लिहिलं आणि उद्या उघडकीला आलं तर? माझी सही आहे तक्त्यावर. त्याला काही झालं मशीनवर, तर अपघात कुणाला झाला म्हणायचं? हा विचार तर चांगलाच होता, अजूनही वाटतं की होता. पण त्याच्या खाली आणखी एक होता, आणि तो असा की ट्रेनी म्हणून तीन महिन्यांत मी इतकी मोठी गोष्ट शोधून काढली आहे. ते मला कुणाला तरी दाखवायचं होतं.

मी मेल लिहिला. स्वच्छ, मुद्देसूद, तारीखवार. मुऱ्हे साहेबांना, आणि प्रत हेड ऑफिसला. पद्धत तीच शिकवली होती.

दहा मिनिटांनी साहेबांनी बोलावलं. स्क्रीनवर माझा मेल उघडा होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शिल्पा, बस." मी बसले. "हे तू मला येऊन तोंडानं का न्हाई सांगितलं?"

"सर, गंभीर आहे. लेखी असायला हवं म्हणून…"

"मला म्हाईत होतं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"भरतीला मीच होतो. लायसनवर नाव वेगळं होतं, पहिल्या आठवड्यात बगितलं मी. घरी बोलवून घेतला, सगळं विचारलं. म्हटलं, सहा महिने बघू, काम आलं न्हाई तर घालवू. तर ह्यो असा निघाला. मग नऊ वर्सं मी गप. त्याला बी सांगितलं, गप." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "आता ह्ये हेड ऑफिसच्या चार माणसांनी वाचलं असंल. आता मी गप बसून काय उपेग हाय?"

मी म्हटलं, "पण सर, हे चुकीचं होतं ना?"

"व्हय, चुकीचंच व्हतं. मी कुठं न्हाई म्हणतो?" त्यांनी उठून खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पार्किंगच्या पत्र्यावर ऊन नुसतं पांढरं पडलं होतं. "चुकीचं व्हतं आणि चाललं व्हतं. तू जाय आता. मला फोन करू दे."

हेड ऑफिसला पोलिसात तक्रार हवी होती. फसवणूक, खोटी ओळख, मोठमोठे शब्द. साहेब दोन दिवस फोनवर होते. केबिनच्या काचेतून मला ते दिसायचे, कधी उभे, कधी बसलेले, एकदा तर समोर कुणी नसतानाही हात जोडताना. शेवटी राजीनाम्यावर मिटलं. कारण, वैयक्तिक.

राजीनाम्यावर सही घ्यायला मीच बसले होते. साहेब म्हणाले, "तू लिहिलंस, तूच पुरं कर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. गोविंदनं पेन घेतलं आणि सवयीनं, वळणदार सही केली: संतोष बा. जाधव. पीएफचा कागद पुढे करण्यात अर्थ नव्हता. जे त्या नावावर होतं ते त्या नावाच्या माणसानंच येऊन न्यायचं होतं. त्यानं ओळखपत्र, लॉकरची चावी, शूज असं एकेक टेबलावर ठेवलं. शूज पुसून आणले होते. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "हातमोजे राहू द्या तुमच्याकडे."

तो म्हणाला, "ते माझेच हायत मॅडम. घरून आनले होते."

त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं, मुदतीच्या तीन महिने आधी. 'कळविण्यास आनंद होतो.' आईनं देवापुढे ठेवलं. बाबांना मी सगळं सांगितलं, कारण मला वाटलं होतं ते समजून घेतील, किंवा रागावतील. दोन्हींपैकी काही झालं असतं तरी चाललं असतं. ते पेपर घडी करत होते. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, "मग आता त्या मशीनवर कोण उभं राहतंय?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "बघायचं असतं," आणि आंघोळीला गेले.

मी बघितलं. एक चांगला, डिप्लोमा झालेला मुलगा उभा होता. रिजेक्शन वाढलं, मग हळूहळू कमी झालं. महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं चालू झालं, आणि मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात मुऱ्हे साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली, त्यावर चिखलीतल्या एका वर्कशॉपचा पत्ता. "मी लावून दिलंय त्याला तिथं. एकदा जाऊन ये. माफी मागायला न्हाई. नुसतं जाऊन ये."

चिखलीत अशी वर्कशॉपं किती तरी आहेत. पत्र्याच्या शेड, आत दोन-तीन मशीनं, बाहेर लोखंडाचा चुरा, आणि पलीकडे नव्या इमारतींचे हिरव्या जाळीत गुंडाळलेले सांगाडे. मी दारात उभी होते तेव्हा मालक त्याला बोलावत होता. "गोविंद! ए गोविंद!" तो पाठमोरा होता, चार हातांवर. वळला नाही. मालकानं जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळला.

मला बघून त्यानं स्टूल आणून पुसून ठेवलं. चहा मागवला. कसे आहात वगैरे मी विचारलं. बरं आहे म्हणाला. इथे तो हेल्पर होता. हाताला काय येतं ते मालकाला हळूहळू कळत होतं, पण कागदावर सातवी पास, अनुभव काही नाही.

"माय कशी आहे?"

"माय…" त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "नऊ वर्सं पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मायच्या हातात द्यायचो. तिला वाचता येत नाई, पन संतोषचं नाव तिला वळखू यायचं. बोट फिरवायची त्याच्यावर. तो मेला तवा ती रडलीच नव्हती मॅडम. सगळे म्हनले, बाई दगडाची हाय. आन कंपनी सुटल्यावर मी सांगितलं, आता चिठ्ठी येनार नाई, तवा रडली. आठ दिस रडली. भाऊबंद बोलवा म्हनली. आता गेला माजा लेक म्हनली."

रस्त्यावरून एक डंपर गेला आणि शेडचा पत्रा थरथरला. मी चहा संपवला. तो किती गोड होता हे मला अजून आठवतं.

निघताना तो बाहेरपर्यंत आला. "मॅडम, एक विचारू? मला एक कागद भेटंल का? माझ्या नावानं. की या मानसानं ग्राइंडिंगचं काम नऊ वर्सं केलंय. कुठं बी दाखवायला."

कंपनीच्या दप्तरात गोविंद जाधव नावाचा माणूस कधीच नव्हता. नऊ वर्षांचा अनुभव होता संतोषला, जो हयातच नव्हता. हे मी त्याला समजावून सांगू शकले असते, आणि त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हटलं, "बघते."

त्यानं मान हलवली. एचआरच्या 'बघते'चा अर्थ त्याला नऊ वर्षांनी चांगला माहीत झालेला होता. तरी म्हणाला, "हाव. बघा."

मी तीन वर्षं बघितलं नाही. कंपनी बदलली, पद वाढलं, दापोडी सोडून रावेतला फ्लॅट घेतला. शेकडो अनुभवपत्रांवर सह्या केल्या. छापील मजकूर, खाली माझं नाव. त्यातल्या किती माणसांचं काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं? तीन-चार. बाकीच्यांचं फाइल सांगेल ते. आणि ज्या माणसाचं काम मी रोज पाहिलं होतं त्याच्यासाठी माझ्याकडे मजकूर नव्हता. लेटरहेडवर देता येणार नाही, शिक्का मारता येणार नाही, मग देण्यात अर्थ काय, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खरंही होतं.

काल गेटवर त्या सिक्युरिटीवाल्यानं तारीख लिहायला लावली, आणि घरी आल्यावर मी कोरा कागद घेतला. टाइप केलं नाही. हातानं लिहिलं, मराठीत. दोन कागद फुकट गेले, तिसरा जमला. लिहिलं की गोविंद बाबूराव जाधव यांना मी ओळखते. एका कंपनीत मी नोकरीला असताना ते ग्राइंडिंगचं काम करत होते. मापाचा अंदाज त्यांच्याइतका अचूक असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवीन माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली, हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली माझं नाव, पत्ता, फोन. मी कोण, तर फक्त पाहणारी.

आज सुट्टी घेऊन चिखलीला गेले. वाटलं होतं, कदाचित तो तिथे नसेल. होता. केस पांढरे झालेत. दोन मशीनं आता त्याच्याकडेच असतात, मालक सांगत होता. शेडच्या दारात उन्हात उभं राहून त्यानं कागद घेतला आणि ओठ हलवत, एकेक शब्द सुटा करत वाचायला लागला. मी रस्त्याकडे बघत राहिले.

तो मध्येच थांबला. परत त्याच ओळीवर गेला.

"मॅडम, हे बगा," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. वर गोविंद होतं, नीट, ठळक. शेवटून दुसऱ्या ओळीत मी लिहिलं होतं: संतोष यांच्या हाताखाली नवीन माणसं तयार झाली. तीनदा लिहून, तीनदा वाचून मला ते दिसलं नव्हतं. मी पर्समध्ये पेन शोधायला लागले. "द्या इकडे, खोडते. नाहीतर दुसरा लिहून देते, आत्ता, पाच मिनिटं…"

त्यानं कागद माझ्या हाताच्या पलीकडे नेला.

"खोडू नका," तो म्हणाला. "शिकलेला तो होता. राहू द्या त्याचं बी नाव."

आणि कागदाची घडी न करता, तसाच उघडा धरून, तो मालकाला दाखवायला आत गेला.